माझ्या हातचं मशीन आणि बाबांचा हात

आधीच सांगून टाकते. या सदरात कुणाचा अनुभव आला की खाली "दार वाऱ्याने वाजलं असेल", "आधी घराचं वायरिंग तपासून घ्या" अशी खडूस कमेंट टाकणारी जी एक बाई आहे ना... ती मीच. पुष्कळ जणांनी तिथे माझी यथेच्छ धुलाई केलेली आहे. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही मला सोडणार नाही, हे धरूनच लिहिते. फक्त आधी पूर्ण वाचा, मग झोडपा.

आमच्या घरात देव्हारा नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि देव गेले त्याच दिवशी भुतंही गेली, असं आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अभिमानाने सांगतात. नजर, उतारा, अमावस्या, काही म्हणजे काही नाही. शेजारच्या काकू एकदा आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला घेऊन आल्या, तर आईंनी त्याच लिंबाचं सरबत करून त्यांना पाजलं आणि मिरच्या वरणात टाकल्या. अशा घरातली मी सून.

माझं नाव सुजाता. कोराडीच्या पॉवर प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, राहायला तिथल्याच कॉलनीत. प्लांटमध्ये ढीगभर मीटर आणि सेन्सर असतात, त्यातलं कोणतं खरं बोलतंय आणि कोणतं खोटं हे शोधणं माझं पोटापाण्याचं काम. या कामाचे नियम सोपे आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि कारण सापडल्याशिवाय फॉल्ट बंद करायचा नाही. "मॅडम, आपोआप ठीक झालं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. घरीही मी अशीच आहे. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, विचारा.

आणि मी गेम खेळते. हो, या वयात. ड्युटीवरून आले, चहा घेतला, की तासभर कार रेसिंग. त्यासाठीचं कॉम्प्युटर मी स्वतः जुळवलंय — बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एकेक पार्ट निवडून, घासाघीस करून आणलेला. दुकानातला तयार डबा नाही. त्यामुळे त्याला कोणी नावं ठेवली की मला झोंबतं.

तर हे माझं मशीन. आता बाबांविषयी.

बाबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत लोको पायलट होते. आपल्या साध्या भाषेत इंजिन ड्रायव्हर. सगळी नोकरी नागपूर-इटारसी लाइनवर काढली. लहानपणी मिलिंदने यार्डात उभ्या इंजिनाच्या हँडलला नुसता हात लावला, तर सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. "ड्युटी ज्याच्या नावानं, हँडल त्याचंच. मंग तो साहेब असो का माहा पोरगा." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की आम्ही टीव्हीच्या रिमोटवरूनही ते एकमेकांना ऐकवतो.

त्यांची दुसरी सवय सिग्नल पुकारायची. सिग्नल दिसला की उजवा हात कपाळापर्यंत उचलून मोठ्याने त्याचं नाव आणि रंग सांगायचा, आणि शेजारच्या असिस्टंटने तेच परत पुकारायचं. म्हणजे दोघांनीही पाहिला याची खात्री. रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही. ऑटोत बसले तरी चौकातल्या ट्रॅफिक सिग्नलला हात वर करून "हराऽऽ!" ओरडायचे. ऑटोवाला दचकायचा. आईंनी परत "हरा!" म्हटल्याशिवाय बाबांचं समाधान होत नसे.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात होते, वाचले, घरी आले. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, जड झालेली जीभही हळूहळू सुटली. पण उजवा हात नाही. खांद्यापासून लोंबायचा नुसता. खरं म्हणजे तो पूर्ण गेलेला नव्हता. बोटं हलायची, मनगट थोडं उचलायचं. पण बाबांनी त्याचा नादच सोडून दिला. जेवण डाव्याने, दात घासणं डाव्याने, पेपर डाव्याने.

फिजिओ मॅडम घरी यायच्या. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ताई, हे पहिले काही महिनेच खरे. आत्ता हात वापरला तर येईल, नाही तर तसाच आखडेल. जमलं तर दिवसातून काही वेळ त्यांचा डावा हात बांधून ठेवा, म्हणजे उजवा वापरावाच लागेल."

हे बाबांना सांगितलं मात्र... काय ते पेटले!

"मी काय चोर हाव का? हात बांधता माहे? आयुष्यभर मालगाड्या ओढल्या मी, अन् आता सून मले दोरीनं बांधन!"

त्यानंतर ते जे भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेचनात. आई त्यांच्याजवळ बसून मुकाट्याने त्यांच्या त्या हाताची बोटं चोळायच्या. मला ते बघवायचं नाही. मी ठरवलं, बांधायचं नाही ना, ठीक. आमिष लावू.

मी माझ्या मशीनवर ट्रेन चालवायचा गेम टाकला. कुठल्यातरी हौशी पोट्ट्यांनी आपला नागपूर-इटारसी रूट अगदी मन लावून बनवलेला आहे — काटोल, नरखेड, पांढुर्णा, सगळी स्टेशनं. एक लिव्हर मागवला. पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक. तो टेबलाच्या उजव्या बाजूला मुद्दाम घट्ट बसवला. आणि बाबांना म्हटलं, "बाबा, जरा येऊन बघा ना, हे नरखेडचं यार्ड बरोबर दाखवलंय का?"

आले. काठी टेकत, कुरकुरत, पण आले. खुर्चीत बसले, स्क्रीनवर रूळ दिसले, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. मग त्यांनी काय केलं, तर डावा हात पोटावरून आडवा नेऊन लिव्हर धरला. म्हटलं असू दे, आधी गोडी लागू दे.

गाडी निघाली आणि चित्र अडकायला लागलं.

गेमची चित्रं सेकंदाला जितक्या वेळा बदलतात तितका गेम गुळगुळीत चालतो. माझं मशीन सहज शंभराच्या वर जातं. कोपऱ्यातला आकडा बघते तर पंधरा! गाडी कसली, बैलबंडी. रूळ झटके देत पुढे सरकत होते, ब्रेक लागला हे गाडी स्टेशन ओलांडून गेल्यावर कळायचं.

"हे काय वं सुजाता? ब्रेक जाम झालेल्या मालगाडीवानी चालून राहिली," बाबा म्हणाले, लिव्हर सोडला, आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला इतका राग आला! बाबांचा नाही, मशीनचा. तो माणूस इतक्या दिवसांनी उठून बसला होता, आणि माझ्या हातचं मशीन ऐन वेळी तोंडावर पडलं. त्याच क्षणी ठरवलं, हा फॉल्ट मी काढणार म्हणजे काढणारच.

साइडचं झाकण उघडलं आणि पहिला गुन्हेगार लगेच सापडला. आमच्या मिलिंदरावांनी उन्हाळा म्हणून कूलरचं तोंड थेट कॉम्प्युटरकडे फिरवून ठेवलं होतं. "आपल्याले गरम होते तं त्याले नाई होत का?" हा त्यावर त्याचा खुलासा. आता कोराडीत राहणाऱ्यांना माहीत आहे, खिडकी कितीही बंद ठेवा, राख घरात येतेच. त्या राखेला कूलरची ओली हवा मिळाल्यावर आतल्या पंख्यांवर चक्क चिखल लिंपला होता. मी नवऱ्याला दहा मिनिटं झाडलं आणि मग मशीनला. ब्रशने, कापडाने, सगळं चकचकीत. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट नवीन लावली, कूलर दुसऱ्या कोपऱ्यात नेला.

मग टेस्ट घेतली. मी गाडी चालवली — एकदम लोण्यासारखी. मिलिंदने चालवली, तशीच. आईंनासुद्धा बसवलं. "मायंऽऽ, पळून राहिली ना!" म्हणत त्यांनी काटोल स्टेशन न थांबता पास केलं. आकडा शंभराच्या खाली आला नाही.

बाबांना बोलावलं. ते बसले. पंधरा.

मंडळी, हसू नका. पुढचे बरेच दिवस मी ड्युटीवरून आले की चहासुद्धा न घेता त्या मशीनसमोर बसत होते. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, काढून नवा टाकला. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून लावल्या. पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहिला. इन्व्हर्टरवरून काढून सरळ लाइनवर घेतलं, अर्थिंग मोजलं. लिव्हर दुसऱ्या पोर्टला लावला, मग लिव्हरच दुसरा आणला, मग लिव्हर काढून नुसता कीबोर्ड दिला. खुर्ची बदलली, बाबांचं घड्याळ काढायला लावलं. प्रत्येक बदलानंतर आम्ही तिघं चालवायचो, सगळं उत्तम. बाबा बसले की मशीनचा दम निघायचा.

"बाबाले घाबरते ते," मिलिंद म्हणाला. "मीबी घाबरतो ना, त्यात काय!"

"फोकनाड नको मारू," मी म्हटलं.

बाबांचा आता उजव्या हातापेक्षा माझ्या या फॉल्टमध्ये जास्त जीव अडकला होता. म्हणजे रोज संध्याकाळी मी हरते कशी हे बघायला ते आपणहून उठून यायचे. तेवढं तरी बरं.

एका रविवारी भर दुपारी आईंनी कैरीचं पन्हं केलं होतं. बाबा नेहमीसारखे झटके खात गाडी हाकत होते. आईंनी त्यांच्या डाव्या हातात ग्लास दिला आणि तेवढ्यात समोर लाल सिग्नल आला. ग्लास ठेवायला जागा नाही, गाडी तर थांबवायलाच हवी... मग बाबांनी खांदा उचलून तो लोंबता उजवा हात कसाबसा लिव्हरवर टाकला आणि अंगाच्या वजनाने मागे ओढला.

आणि चित्र मोकळं झालं. रूळ, झाडं, सिग्नल, सगळं एकदम स्वच्छ धावायला लागलं. कोपऱ्यात शंभराच्या वरचा आकडा.

गाडी सिग्नलच्या थोडी आधी थांबली. बाबांनी पन्हं संपवलं, ग्लास खाली ठेवला, डाव्या हाताने लिव्हर धरला. पंधरा.

"बाबा," मी म्हटलं, "परत उजवा ठेवा बरं."

"काहून?"

"ठेवा तर."

ठेवला. एकशे दहा.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं माहिती आहे? धागा सापडला! काहीतरी कारण असणार, उजव्या-डाव्यात काय फरक पडतो ते शोधलं की झालं. मी लिव्हर डाव्या बाजूला बसवला, म्हणजे डावा हात आडवा न्यावा लागणार नाही. फरक शून्य. डावा हात, मशीन ठप्प. उजवा हात, मशीन सुसाट. आणि आमच्यापैकी कोणी डाव्याने चालवा, उजव्याने चालवा, त्याला काही घेणंदेणं नव्हतं. फक्त बाबा.

मग म्हटलं, कदाचित मीच आकड्याकडे हवं तसं बघतेय. माणसाचं मन खोटं बोलतं, मीटरपेक्षा जास्त. म्हणून मी लांब केबल टाकून दुसरा मॉनिटर बाहेर हॉलमध्ये नेला. त्यावर फक्त आकड्याचा ग्राफ. मी हॉलमध्ये बाबांकडे पाठ करून बसले. आत बाबा, आणि त्यांच्याजवळ रेफरी म्हणून मिलिंद. बाबांनी मनाला येईल तसा हात बदलायचा, आणि मी नुसता ग्राफ बघून ओरडायचं.

"डावा!" मी ओरडले.

"बरोबर," आतून मिलिंद.

"उजवा... अजून उजवाच... आता डावा!"

"बरोबर. बरोबर. अवं, बरोबर!"

आई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट-लाटणं हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. एकदाही चुकलं नाही. मग ग्राफ धाडकन खाली आला आणि मी म्हटलं, "डावा!"

"चुकली!" मिलिंद जिंकल्यासारखा ओरडला. "उजवा हाय, उजवा! पाहून घे."

सुटल्यासारखं वाटलं मला. खरंच. चूक निघाली म्हणजे ही नुसती योगायोगाची गोष्ट. मी उठून आत गेले. लिव्हरवर खरोखर उजवा हात होता. पण बाबांनी डाव्या हाताने त्या उजव्या हाताचं मनगट धरलं होतं, आणि डावाच त्याला पुढे ढकलत होता. लिव्हरला डाव्याचं एक बोटही लागलेलं नव्हतं.

मिलिंदचं हसू तिथेच थांबलं. बाबांनी डावा हात पटकन काढून घेतला आणि बनियनला पुसला.

"मशीनले कसं कळते वं?" आई हळूच म्हणाल्या.

मी घाबरले होते, हे कबूल करते. प्लांटमध्ये एखादं उपकरण असं वागलं तर आपण काय करतो? ते बाजूला काढतो आणि दुसरं लावतो. मीही तेच केलं. मिलिंदचा ऑफिसचा लॅपटॉप आणला, सगळ्या सेटिंग खाली आणून गेम टाकला, तोच लिव्हर त्याला लावला. चित्र जरा धुरकट, पण गाडी चालली. बाबांच्या डाव्या हाताने एकदाही न अडकता थेट नरखेड गाठलं.

"हे बेस हाय!" बाबा खूश. आई खूश. मिलिंद तर सगळ्यात खूश, कारण घरात शांतता झाली. पुढचे काही दिवस बाबा स्वतःहून उठायचे, दोन-दोन तास गाडी चालवायचे, जेवताना नरखेडच्या यार्डातल्या गमती सांगायचे. मला वाटलं, चला, सुटलो.

मग फिजिओ मॅडम आल्या. त्यांनी बाबांची उजवी मूठ उघडायचा प्रयत्न केला आणि त्यांचा चेहराच उतरला. "ताई, बोटं आखडायला लागलीत," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी बरी होती की. हात हलत होता. मध्ये काय केलं होतं तुम्ही?"

काय सांगू? त्यांना मशीनच्या या तऱ्हेबद्दल मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाही. पण दुपारी बाबा लॅपटॉपवर गाडी चालवत होते तेव्हा मी गाडीकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मांडीवर उलटा पडलेला तो उजवा हात बघत बसले. हाच हात कपाळापर्यंत जायचा. आणि मला कळलं की मी फॉल्ट काढलाच नव्हता. मी नुसती वाट बदलून दिली होती.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिलिंदच्या बॅगेत भरला, चेन लावली आणि सांगितलं, "उद्यापासून हा ऑफिसला."

घरात रणकंदन झालं. बाबा बोलायचेच बंद झाले. जेवायला उठेनात. भिंत, आणि ते. तिसऱ्या वेळचं ताट तसंच परत आलं तेव्हा आईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काहून छळून राहिली वं त्याइले? चालते ना गाडी त्या लहान्या मशीनवर?"

"आई, गाडी चालते. हात नाही चालत."

"अन् त्याइनं जेवणच सोडलं तं?"

मला रडू फुटलं. रागाचंही, भीतीचंही. "आई, मला नाही माहीत ते मशीन असं काहून करते. पण फिजिओ मॅडमचं ऐकलं नाही बाबांनी, माझं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं नाही. त्या मशीनचं ऐकलं थोडंसं. मी तेच ठेवीन. मला शिव्या द्या."

आईंनी शिव्या दिल्या नाहीत. पदराने माझं तोंड पुसलं आणि ताट परत गरम करायला घेतलं.

दोन-चार दिवसांनी मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आले. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आतून कूलरचा आवाज येत होता, आणि कूलरच्या आवाजात मिसळलेला रेल्वे इंजिनाचा. मी चप्पल काढून दारातूनच डोकावले. बाबा माझ्या मशीनसमोर बसले होते. डावा हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता. उजवा लिव्हरवर. घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, दात आवळलेले, लिव्हर केसाकेसाने पुढे सरकत होता. स्क्रीनवर गाडी मोठ्या डौलाने चालली होती.

मी दारातच उभी राहिले. पण त्यांना कळलंच.

"तुहं मशीन बराबर हाय वं," ते मागे न बघता म्हणाले. "मीच भैताड. ड्युटी याच्या नावानं हाय." त्यांनी हनुवटीने उजव्या हाताकडे दाखवलं. "अन् हँडल मी दुसऱ्याच्याच हाती देऊन राहिलो होतो."

त्यानंतर मी त्या मशीनला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा एक फॉल्ट मी उघडा सोडला, आणि मुद्दाम सोडला. रोज संध्याकाळी बाबा ड्रायव्हर, मी असिस्टंट. सगळं काही गोड नव्हतं हं. ते चिडायचे, हात थरथरून गाडी स्टेशन ओलांडायची, एकदा लिव्हर उपटून फेकला. कंटाळले की हळूच डावा पुढे यायचा. मशीन लगेच अडकायचं, बाबा त्याला एक सणसणीत शिवी हासडायचे आणि डावा परत मांडीखाली. पावसाळा असाच गेला. हळूहळू बोटं लिव्हरभोवती मिटायला लागली. मग चमचा आला. मग शर्टाचं वरचं बटण.

संत्री बाजारात आली तेव्हाची गोष्ट. आई शेजारी बसून संत्रं सोलत होत्या, मी असिस्टंटच्या स्टुलावर, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. गाडी काटोलला उभी होती. स्टेशन सोडतानाचा सिग्नल, त्याला ते स्टार्टर म्हणतात, हिरवा झाला. आणि बाबांचा उजवा हात लिव्हरवरून उठला. छातीपर्यंत आला, थांबला, थरथरला, मला वाटलं पडतो आता... आणि वर गेला. कपाळापर्यंत.

"स्टार्टर... हराऽऽ!"

आईंच्या हातातली फोड खाली पडली. मी नुसती त्या हाताकडे बघत राहिले.

"असिस्टंट! झोपली का वं? सिग्नल पुकार!"

"स्टार्टर हरा!" मी कसंबसं म्हटलं आणि ढसाढसा रडले. आईसुद्धा रडल्या. बाबा मात्र "ड्युटीवर रडत नसतात" म्हणून गाडी घेऊन निघाले.

त्या दिवसापासून फॉल्ट गेला. बाबा आता डाव्याने चालवोत, उजव्याने चालवोत, आकडा शंभराच्या खाली येत नाही. मी सोडेन होय? तोच गेम, तोच रूट, ग्राफिक्स कार्डचा तोच जुना ड्रायव्हर, अगदी कूलरसुद्धा परत त्याच्या तोंडासमोर ठेवून पाहिला. परत बाबांना डाव्याने उजवं मनगट धरून लिव्हर ढकलायला लावलं. काही नाही. आणि "आपोआप ठीक झालं" हे वाक्य, ज्याच्यावर मी आयुष्यभर लोकांना फाडून खाल्लं, ते आता माझ्याच घरात येऊन बसलंय. मी अजूनही भूत मानत नाही. पण मग ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला वायरिंगचं कारण सुचत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, मी तपासून बघेन. मनापासून सांगते.

हे एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. पण मागच्या महिन्यात फिजिओ मॅडमनी ते मशीन मागितलं. बाबांना गेमचा इतका फायदा झाला म्हणून त्यांच्या दुसऱ्या एका पेशंटसाठी, काही दिवस. इतवारीत टेम्पो चालवायचा तो माणूस, आता घरात पडून होता. मशीन देताना माझा जीव तुटला, पण दिलं. गाडी चालवायचा एक गेम टाकून दिला. बाकी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

परवा दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, डिस्टर्ब केलं का? ते मशीन जरा अडकून अडकून चालून राहिलं हो. मी चालवलं तर मस्त चालते. त्यांची बायको चालवते, मस्त. ते बसले की नुसते झटके. तुम्ही एकदा येऊन उघडून पाहता का?"

मी सवयीने ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढलाही होता.

"मॅडम," मी विचारलं, "ते कोणत्या हाताने चालवतायत?"

"उजव्या. डावी बाजू गेलीय ना त्यांची. काहून?"

समोर बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू ड्रायव्हर परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

"मशीन ठीक आहे, मॅडम," मी म्हटलं. "उघडू नका."